शिरड शहापूरच्या शिवारातले पोपट

वाघ पाहायला माणसे ताडोब्याला जातात, रोहित पक्षी पाहायला उजनीच्या पाण्यावर जातात. पोपट पाहायला मात्र महाराष्ट्रात कुणी घर सोडत नाही. पेरू देशातील तांबोपाता नदीच्या काठी नेमके उलटे घडते. तिथल्या मातीच्या उभ्या दरडीवर पहाटे मकाव आणि इतर पोपट थव्यांनी उतरतात आणि चोचीने माती खातात. त्या प्रदेशातील झाडपाल्यातून पुरेसे सोडियम मिळत नाही, ते या मातीतून मिळते, असे अभ्यासक सांगतात. ते दृश्य पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी अंधारात होडीत बसतात, आणि तिथल्या कित्येक कुटुंबांचे पोट त्यावर चालते. आपल्याकडे पोपट पहाटे डोक्यावरून ओरडत जातो आणि आपण वरही बघत नाही.

माझे वास्तव्य शिरड शहापूरला. औंढा नागनाथ ते वसमत या रस्त्यावरचे हे गाव बाहेरगावच्या लोकांना मल्लिनाथ भगवंतांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे माहीत असते. एका अंगाला औंढ्याकडचे डोंगर आणि त्यावरचे पानगळीचे रान, दुसऱ्या अंगाला वसमतकडची काळी सपाट जमीन, पूर्णा प्रकल्पाचे पाणी, हळद, ऊस, केळी. रान आणि शेत यांच्या या सीमेवर पोपटांच्या दोन जाती नेहमी दिसू शकतात आणि तिसरीची शक्यता मनात ठेवून फिरावे लागते. शाळेत शिकवत असताना लागलेली पक्षी पाहण्याची सवय निवृत्तीनंतर वाढली. त्या सवयीतून आणि वाचनातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे. पोपट ओळखावेत कसे, त्यांचे वर्ष कसे जाते आणि आपल्या भागात त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, एवढाच या लेखाचा विषय.

तीन पोपट आणि त्यांची ओळख

जगात पोपटवर्गीय पक्ष्यांच्या सुमारे ४०० जाती आहेत. महाराष्ट्रात त्यांपैकी पाच आढळतात. त्यातला निळ्या पंखांचा मलबारी पोपट आणि चिमणीएवढा, शेपूट जवळजवळ नसलेला भुंडा पोपट हे सह्याद्रीच्या ओल्या रानातले. ते आपल्याकडे शोधू नयेत. उरलेले तीन असे.

पहिला आपला नेहमीचा पोपट, ज्याला आपण राघू म्हणतो. शेपटीसकट लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, चोच लाल, अंग हिरवे. नराच्या गळ्याभोवती काळी आणि गुलाबी कड असते, तिला कंठ म्हणतात. हा कंठ पिलाला नसतो, मादीला नसतो, आणि नरालाही साधारण तिसऱ्या वर्षी पूर्ण येतो. त्यामुळे थव्यात कंठवाले थोडे दिसले म्हणून नर कमी आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यात वयात न आलेले नरही असतात.

दुसरा तुईया. हा राघूपेक्षा लहान, सडपातळ. नराचे डोके पिकलेल्या जांभळावर लाल झाक मारावी तशा रंगाचे, मादीचे डोके करडे-निळसर आणि गळ्याभोवती पिवळा पट्टा. चोच राघूसारखी लाल नसते, वरची पिवळसर असते. शेपटीची टोके पांढरी, आणि उडताना ती पांढरी टोके चटकन नजरेत भरतात. तुईया हे नाव त्याच्या आवाजावरून पडले. राघूचा ओरडा कर्कश, तुईयाचा आवाज गोड आणि प्रश्न विचारल्यासारखा वर जाणारा. आंधळ्या माणसालाही हे दोन पक्षी वेगळे सांगता येतील. औंढ्याकडच्या डोंगरउतारावर, पळसाच्या रानात आणि रानालगतच्या शेतात तुईया शोधावा. गावठाणात तो फारसा येत नाही.

तिसरा मोठा पोपट, ज्याला पहाडी पोपट किंवा करण पोपट असेही म्हणतात. लांबी ५० सेंटिमीटरच्या पुढे, चोच जाडजूड, आणि खांद्यावर गडद लाल डाग. आपल्या भागात तो क्वचितचा पाहुणा समजावा आणि पाहिला असे म्हणण्यापूर्वी दोनदा खात्री करावी. नवख्यांची गल्लत खांद्यावरच्या डागामुळे होते, कारण तुईयाच्या नरालाही तिथे छोटा लालसर डाग असतो. म्हणून एकाच खुणेवर न जाता आकार, चोच आणि आवाज या तिन्ही गोष्टी जुळवाव्यात. मोठ्या पोपटाला इंग्रजीत अलेक्झांडरचे नाव आहे, कारण त्याच्या स्वारीनंतर भारतातले पोपट ग्रीकांकडे गेले असे मानले जाते. त्याच्याही आधी टेसिअस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातल्या एका बोलक्या पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवले होते: तोंड लाल, खाली काळी दाढी, मानेपर्यंत निळा रंग. हा तुईयाच असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे. आपल्या पळसाच्या रानातला पक्षी सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रंथात गेला होता, तर.

आपल्या भाषेत तर तो आणखी जुना. शुक, कीर, रावा, राघू, मिठू, तोता अशी किती नावे! शुकबहात्तरीत गोष्टी सांगणारा तोच, ज्योतिषाच्या पिंजऱ्यातून चिठ्ठी ओढणारा तोच. पैठणीच्या काठावर विणतात ती ‘मुनिया’ म्हणजे पोपटच. पक्षिमित्र ज्याला मुनिया म्हणतात तो धान्य टिपणारा चिमुकला पक्षी वेगळा. पोपटी हा रंग आपण त्याच्याकडून घेतला आणि अर्थ न कळता घोकणाऱ्याला पोपटपंची हा शब्दही त्याच्याकडूनच.

हिरवा रंग येतो कुठून

पोपटाच्या पिसात हिरवा रंग नसतो, असे सांगितले तर विद्यार्थी हसायचे. पण ते खरे आहे. पिसाच्या आतली सूक्ष्म रचना अशी असते की तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग परत फिरतो. आकाश निळे दिसते तसाच हाही निळा, रंगद्रव्याशिवायचा. त्या रचनेवर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो. पिवळ्यातून निळा दिसला की डोळ्याला हिरवा वाटतो. पिवळे आणि लाल असे हे रंगद्रव्य पोपट आपल्या शरीरातच तयार करतात. त्याला सिटॅकोफल्विन म्हणतात आणि ते पोपटांखेरीज दुसऱ्या कुठल्या पक्ष्यात सापडलेले नाही. इतर पुष्कळ पक्षी आपला पिवळा-लाल रंग खाण्यातून मिळवतात.

यावरून बाजारातल्या एका प्रकाराचा उलगडा होतो. पिवळे किंवा निळे राघू ‘परदेशी जात’ म्हणून विकले जातात. ती वेगळी जात नाही. जन्मतः पिवळे द्रव्य नसले की उरतो निळा पोपट. आणि निळ्या रंगाला मागून आधार देणारे काळे द्रव्य नसले की उरतो पिवळा. असे पक्षी रानात अगदी विरळा जन्मतात, पिंजऱ्यात जोड्या लावून ते वाढवले जातात.

पोपटाच्या पायाचीही एक गंमत आहे. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. पोपटाची दोन पुढे, दोन मागे. त्यामुळे पकड चिमट्यासारखी घट्ट बसते आणि तो एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने कणीस धरून खाऊ शकतो. वरची चोचही कवटीला बिजागरीसारखी जोडलेली असल्याने हलते. चढताना चोच हा त्याचा तिसरा पायच असतो. ही पकड पुढे पिंजऱ्याच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

पोपटाचा दिवस, पोपटाचे वर्ष

पोपट पाहायचे तर त्याचा दिवस माहीत हवा. रात्री राघू एकत्र येऊन ठरावीक झाडांवर मुक्काम करतात. गावाजवळचा मोठा वड, चिंचांची रांग, देवस्थानाच्या आवारातली जुनी झाडे अशा जागा त्यांना आवडतात, आणि साळुंक्या, कावळे हेही तिथे शेजारी असतात. पहाटे उजाडता उजाडता छोट्या टोळ्या निघतात आणि ठरलेल्या वाटेने शेताकडे जातात. ऊन चढले की गर्द सावलीत बसतात. तेव्हा हिरवा पक्षी हिरव्या पानात शोधणे व्यर्थ. चारनंतर पुन्हा खाणे, आणि मावळतीला परत मुक्कामाकडे.

मोजायचे असतील तर संध्याकाळची वेळ उत्तम. झाडावर बसलेले पोपट मोजता येत नाहीत, ते सतत जागा बदलतात. मुक्कामाच्या झाडापासून थोडे दूर, उडण्याच्या वाटेखाली उभे राहावे आणि येणाऱ्या टोळ्या मोजाव्यात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सुरू करून अंधार पडेपर्यंत थांबावे. प्रत्येक टोळीची वेळ, संख्या आणि दिशा एका ओळीत लिहावी. मोठी टोळी आली तर दहाचा एक गठ्ठा डोळ्यांनी धरून तसे किती गठ्ठे आहेत ते बघावे. दर महिन्याला एकाच जागेवरून असे केले तर वर्षाच्या शेवटी आपल्या गावच्या पोपटांबद्दल आपल्याला जेवढे कळेल तेवढे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. दुर्बीण असली तर बरी, नसली तरी अडत नाही.

वर्षाचे गणित असे. दिवाळीनंतर रब्बी ज्वारी वाढू लागते आणि पौषात हुरड्यावर येते. दुधाळ दाणा राघूला फार प्रिय. त्याच सुमारास जोड्या वेगळ्या होऊन ढोल्या शोधू लागतात. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलतात. तेव्हा तुईया पाहायला औंढ्याकडचा डोंगर गाठावा. फुलातला मध आणि पाकळ्यांसाठी ते पळसावर येतात, आणि पाने झडलेली असल्यामुळे पक्षी उघड्यावर दिसतो. केशरी फुलांच्या गर्दीत तुईयाचे जांभळट डोके पाहिले की तांबोपाताला न जाता आल्याची खंत उरत नाही. करडई तयार होते तेव्हा राघू तिच्यावर उतरतात. ज्या काट्यांच्या भीतीने जनावरे आत शिरू नयेत म्हणून शेतकरी ज्वारीच्या कडेने करडई पेरतो, ते काटे या चोचीला अडवत नाहीत. उन्हाळ्यात आंबा, उंबर, वडाची फळे. तोवर पिले ढोलीबाहेर आलेली असतात, आणि पावसाळ्यात थवे पुन्हा मोठे होतात.

ढोलीचा प्रश्न

पोपट घरटे बांधत नाही. त्याला आयती पोकळी लागते. निंब, आंबा, वड, शिरीष अशा जुन्या झाडांच्या ढोल्या, जुन्या दगडी भिंतीतली भोके, किंवा तांबट आणि सुतार पक्ष्यांनी कोरून सोडलेली बिळे. तांबट वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत नवे भोक कोरतो. तो सोडून गेला की पोपट चोचीने तोंड रुंद करून आत जातो. तिथे मादी साधारण चार पांढरी अंडी घालते. तीन आठवड्यांहून थोड्या अधिक काळाने पिले बाहेर येतात आणि पुढे सहा-सात आठवडे ढोलीतच राहतात. म्हणजे अंडे घातल्यापासून पिलू उडेपर्यंत सुमारे अडीच महिने ती एक ढोली शाबूत राहावी लागते.

याच ढोल्यांवर साळुंकी, पिंगळा, नीलपंख, हुदहुद यांचाही डोळा असतो. त्यामुळे एखाद्या शिवारात किती पोपट राहू शकतील हे पुष्कळदा दाण्यावरून ठरत नाही, ढोल्यांवरून ठरते. दाणा भरपूर असला आणि ढोली नसली तर पक्षी खाऊन जाईल, पिले काढणार नाही. आणि ढोली एका दिवसात तयार होत नाही. खोड पुरेसे जाड व्हावे लागते, फांदी मोडून जखम व्हावी लागते, आत बुरशी लागून गाभा कुजावा लागतो. या कामाला कित्येक दशके जातात.

आमच्या भागात या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. रस्ते रुंद झाले आणि कडेची जुनी निंब, चिंच, वडाची झाडे गेली. त्यांच्या जागी रोपे लावली जातात, काही जगतातही, पण दहा वर्षांच्या सरळ, निरोगी झाडात पोपटाला देण्यासारखे काही नसते. झाडांच्या मोजणीत एक जुना निंब म्हणजे एक झाड आणि एक रोप म्हणजेही एक झाड. कागदावर हिशेब बरोबर जुळतो, पण ढोल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. दुसरी गोष्ट बांधावरची. वाळलेली फांदी सरपणाला तोडायची किंवा सावली पडते म्हणून झाडच काढायचे, असे चालू झाले. वाळकी फांदी गेली की तांबटाची जागा गेली, आणि तांबट गेला की पोपटाचे आयते घर गेले. वाळलेले लाकूड आपल्याला निरुपयोगी दिसते, पण त्या साखळीची पहिली कडी तीच आहे.

पेट्या टांगता येतात, लाकडी खोकी किंवा मडकी. राघू त्या स्वीकारतोही. पण हाताला येईल अशा उंचीवर टांगलेली पेटी पिले चोरणाऱ्याचे काम सोपे करते. जुने झाड वाचवणे हाच अधिक स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

ज्वारी आणि राखण

एकदा ज्वारीच्या राखणीला बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत होतो. तो म्हणाला, “गुरुजी, तुमाला पोपट बघाया बरं वाटतंय. आमची राखन कोन करनार?” या प्रश्नाला बगल देऊन पोपटांवर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

राघू पिकाचे नुकसान करतो, यात शंका नाही. ज्वारी, मका, सूर्यफूल, करडई, पेरू, डाळिंब, सगळ्यांवर तो येतो. शिवाय त्याची खाण्याची रीत उधळी. कणीस तोडून झाडावर नेतो, चार दाणे खातो, बाकीचे टाकून दुसरे आणायला जातो. फळाला एक टोच मारली की ते बाजाराला जात नाही. पोट भरण्यासाठी लागते त्याहून कितीतरी जास्त माल खाली पडतो.

पण नुकसान आजच एवढे का जाणवते, हे समजून घ्यायला हवे. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची. खरिपाची, रब्बीची, सगळ्यांची एकाच वेळी हुरड्यावर यायची. थवा आला तरी तो शंभर शेतांत वाटला जायचा. प्रत्येक शेतावर माळा असायचा, गोफण फिरायची, आरोळ्या उठायच्या. आता खरिपात सोयाबीन आणि हळद, उरलेल्यात ऊस आणि कापूस. खरिपाची ज्वारी जवळजवळ गेली, रब्बीचीही घटली. दाणा खाणारे पक्षी आहेत तेच, आणि ज्वारी उरली एखाद्या शेतात. मग सगळा भार त्या एकावर पडतो. तो पुढच्या वर्षी ज्वारी पेरत नाही, आणि भार उरलेल्या दुसऱ्यावर जातो. ज्वारी घटण्यामागे मजुरी, भाव, काढणीचे कष्ट अशी कारणे आहेतच. पण पाखरांनी खाल्ली म्हणून सोडली, हे कारण मी पुष्कळ बांधांवर ऐकले आहे. रोही-रानडुकरांच्या नुकसानीचा निदान अर्ज तरी होतो. पोपटांनी खाल्लेल्या कणसांचा पंचनामा झालेला मी पाहिलेला नाही.

उपाय आहेत, पण एकट्याने करण्याचे नाहीत. शेजारच्या पाच-सहा जणांनी ज्वारी एका पट्ट्यात आणि एकाच आठवड्यात पेरली तर नुकसान वाटले जाते आणि राखण वाटून घेता येते. चमकणाऱ्या फिती काही दिवस उपयोगी पडतात, नंतर पोपट त्यांना सरावतो. म्हणून त्या दाणा दुधाळ असतानाच बांधाव्यात, महिनाभर आधी नव्हे. फळबागेला जाळी लागते, तिला पर्याय नाही. आणि राखणीची खरी वेळ सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास. दुपारी पोपट स्वतःच सावलीत असतो.

“एवढे आहेत, चार मेले तर काय बिघडले” असे म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. अमेरिकेत कॅरोलायना पोपट नावाचा पिवळ्या डोक्याचा हिरवा पक्षी मोठ्या थव्यांनी राहत असे. तो फळबागांवर उतरे म्हणून शेतकरी त्याला गोळ्या घालत. थव्यातला एक पडला की बाकीचे उडून न जाता त्याच्याभोवती घिरट्या घालत, आणि तेही मारले जात. त्यातच जुनी जंगले तुटली, ढोल्या गेल्या, पिंजऱ्यांसाठी पकडही चालली. शेवटचा ज्ञात पक्षी २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. दाणा, ढोली आणि पिंजरा ही तिन्ही कारणे तिथे एकत्र आली होती, आणि आपल्या शिवारातही तीच तीन आहेत. राघू आज विपुल आहे हे खरे. लंडनमध्ये पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंची वंशावळ १९६० च्या दशकाअखेरीपासून मोकळ्यावर पिले काढते आहे, इतका तो चिवट आहे. पण तुईया आणि मोठा पोपट त्याच्याइतके चिवट नाहीत. मोठा पोपट तर जगाच्या पातळीवर धोक्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे.

पिंजरा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट पकडण्याच्या नळीचा दृष्टांत आहे. आडव्या टांगलेल्या पोकळ नळीवर पोपट बसतो, त्याच्या वजनाने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. घाबरून तो नळी आणखी घट्ट धरतो. त्याला कुणी बांधलेले नसते. पाय सोडले की तो मोकळा आहे, पण आपण अडकलो अशी त्याची समजूत झालेली असते. माणूस स्वतःच्या कल्पनेने स्वतःला कसा बांधून घेतो हे सांगण्यासाठी ज्ञानदेवांनी हे वापरले. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० चा हा ग्रंथ. पक्षी पाहणाऱ्याच्या नजरेने वाचले तर दोन गोष्टी कळतात. गोदाकाठी तेव्हा पोपट पकडण्याचा धंदा सर्वांना ठाऊक होता, नाहीतर दृष्टांत श्रोत्यांना लागला नसता. आणि नळीची युक्ती त्या दोन पुढे-दोन मागे बोटांच्या पकडीवरच उभी आहे.

आता नळी गेली. आता ढोलीत हात घालून पिले काढतात, कारण लहानपणी आणलेले पिलू माणसाळते आणि बोलते. हात जात नसेल तर ढोलीचे तोंड कुऱ्हाडीने मोठे करतात किंवा फांदीच तोडतात. त्या मोसमाची पिले जातातच, पण पुढच्या दहा-वीस मोसमांची ढोलीही जाते. वाटेत मरणारी पिले वेगळीच. पिंजऱ्यात पोपट दिसतो तेव्हा हा मागचा खर्च दिसत नाही.

कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांचा व्यापार बंद आहे. आणि २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुकानात राजरोस मिळणारे ‘लव्हबर्ड’ मूळचे परदेशी आणि पिंजऱ्यातच पैदास झालेले, म्हणून त्यांना वेगळा नियम. हा फरक बहुतेकांना ठाऊक नसतो. ज्या घरांत राघू आहे त्या घरांत त्याच्यावर माया असते, हेही मी पाहिले आहे; आजी त्याला भिजवलेली डाळ आधी देते आणि मग आपण जेवते. म्हणून दटावण्यापेक्षा समजावण्याचा मार्ग मला बरा वाटतो.

एक गोष्ट मात्र धर्मबुद्धीच्या माणसांनी विचारात घ्यावी. पुण्यासाठी पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. हेतू दयेचा असतो. परिणाम वेगळा होतो. विकणाऱ्याला पैसे मिळतात आणि तो पुन्हा ढोलीकडे जातो. शिवाय हातावर वाढलेल्या, पंख कापलेल्या पोपटाला दाणा शोधता येत नाही, ससाण्यापासून वाचता येत नाही, थवा त्याला लगेच घेत नाही. असा पक्षी सापडला किंवा विक्री दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दया करायचीच असेल तर एक ढोलीवाले झाड राखावे. त्यात दर वर्षी पिले होतील.

काय करता येईल

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला हा आठवडा दिवाळीच्या मागेपुढे येतो, पोरे घरी असतात, हवा स्वच्छ असते. या आठवड्यात प्रत्येक गावाने दोन कामे करावीत असे माझे सुचवणे आहे. एक, मुक्कामाच्या झाडाजवळ एक संध्याकाळ पोपट मोजावेत. दोन, गावातल्या ढोलीवाल्या झाडांची यादी करावी: झाड कोणते, कुणाच्या बांधावर किंवा कोणत्या रस्त्यावर, ढोली किती उंचीवर, आत कोण राहते. एका वहीत मावेल एवढेच हे काम आहे. ती यादी ग्रामपंचायतीत ठेवावी. पुढे रस्त्याचे किंवा तारांचे काम निघाले की कोणते झाड वळसा घालून वाचवण्यासारखे आहे हे सांगायला हाती कागद असेल. कागद नसेल तर झाड पडल्यावर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

शिरड शहापूरची अशी यादी मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर एक निंब आहे, रस्त्यापासून दहा पावलांवर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या ढोलीचा. गेल्या माघात तिथे राघूची जोडी होती. यंदा पौष लागला की शाळेतली चार पोरे घेऊन पुन्हा पाहायचे ठरले आहे.